काडी कुणाची?

पुण्याहून आलेला तो विक्रेता तरुण होता, कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. संचालक मंडळाच्या खोलीत त्याने पडद्यावर एक चेहरा दाखवला, मग तोच चेहरा भलतंच काही बोलताना दाखवला आणि आपल्या यंत्राला विचारलं, खरा की खोटा? लाल पट्टी आली. मग खऱ्या माणसाचा व्हिडिओ. हिरवी पट्टी. "नव्व्याण्णव टक्के अचूक, सर," हे त्याने तीनदा सांगितलं. कर्जदाराचे कागद, व्हिडिओ केवायसी, फोनवरचा आवाज, सगळं त्याचं यंत्र तपासणार होतं. संचालकांनी माना डोलावल्या आणि चेअरमनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या पतसंस्थेत विजेवर चालणारं जे जे आहे ते माझ्या गळ्यात आहे, प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून सर्व्हरच्या बॅकअपपर्यंत. तेव्हा हे साधन घ्यायचं का, आणि घ्यायचं तर हेच की दुसरं, ते महिन्याभरात मी सांगायचं असं ठरलं.

रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णा माझे वडील. याच संस्थेत ते बरीच वर्षं सोनेतारणाचे व्हॅल्युअर होते. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काडी कुणाची होती?"

मला कळायला जरा वेळ लागला. 

आम्ही विट्याकडचे. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडचे माण-खटाव, या पाऊस चुकवणाऱ्या पट्ट्यातून पिढ्यान् पिढ्या माणसं गलाईच्या धंद्यात बाहेर पडली. जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात घालून भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं, ही गलाई. आमच्याकडच्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी दक्षिणेत किंवा उत्तरेत एखाद्या सराफी गल्लीत भट्टीपाशी बसलेलं असतं. अण्णा चौदाव्या वर्षी चुलत्याबरोबर कोईमतूरला गेले. आधी झाडलोट, मग भट्टीचं काम, मग कसोटी. कसोटी म्हणजे पंजात मावणारा काळा गुळगुळीत दगड. दागिना त्यावर घासला की रेघ उमटते. पण नुसत्या त्या रेघेवरून काहीच सांगता येत नाही, पिवळी ती सगळीच दिसते. शेजारी दुसरी रेघ ओढावी लागते, जिचा कस आधीपासून पक्का ठाऊक आहे अशा काडीची. अठराची काडी, वीसची, बावीसची. मग दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब फिरवायचा आणि कुठली किती फिकी पडते ते डोळ्यांनी बघायचं. दगड निकाल देत नाही. तो फक्त दोन रेघा शेजारी शेजारी ठेवायची सोय करून देतो.

म्हणजे अण्णांचं म्हणणं असं, की त्या पोराने दागिनाही स्वतःचाच आणला होता आणि काडीही स्वतःचीच.

दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या काड्या जमवायला लागलो. खरं काय आणि खोटं काय हे मला स्वतःला, डोळ्यांदेखत माहीत असलेले नमुने. आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेली व्हॉइस नोट, मागे कुकरची शिट्टी. माझाच आवाज एका संकेतस्थळावर देऊन करून घेतलेली नक्कल. शाखेच्या उद्घाटनाचा फोटो, तीन ग्रुपांतून फिरून परत माझ्याकडे आलेला. बाजारपेठेत पाणी शिरल्याचं यंत्राकडून काढून घेतलेलं चित्र. ऑगस्ट 2019 मधल्या सांगलीच्या महापुराचा अस्सल फोटो, पण खाली "कालची परिस्थिती" असं मी लिहिलेला. माझ्या नावचा सातबारा, आणि त्याच सातबाऱ्यावर साध्या फोटो दुरुस्तीच्या प्रोग्रॅमात क्षेत्र वाढवून केलेली दुसरी प्रत. (हे करताना हात थरथरला हे कबूल करतो. प्रयोग संपल्यावर लगेच पुसून टाकली.) विक्रेत्याने चाचणीसाठी दिलेलं यंत्र आणि फुकटात मिळणारी आणखी तीन, अशा चौघांसमोर हे सगळं मांडलं.

आईच्या व्हॉइस नोटला दोघांनी "बहुधा कृत्रिम" ठरवलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी कृत्रिम? मग रोज तुझ्या ताटात कोण वाढतंय?" मी तिला तेच वाक्य साध्या रेकॉर्डरवर पुन्हा बोलायला लावलं आणि ती फाइल जशीच्या तशी दिली. आता आई खरी ठरली. फरक व्हॉट्सॲपचा होता. पाठवताना ते आवाज दाबून लहान करतं आणि ज्या बारीक खुणांवरून यंत्र माणूस ओळखतं त्यांतल्या बऱ्याच तिथेच पुसल्या जातात. त्यात ही यंत्रं शिकली आहेत मुख्यतः इंग्रजीतल्या स्वच्छ ध्वनिमुद्रणांवर. विट्याच्या स्वयंपाकघरातली मराठी त्यांच्या कानांवर कधी पडलेली नाही. माझ्या नकली आवाजाच्या बाबतीत उलट झालं, एकाने पकडला आणि तिघांनी सोडला. जानेवारी 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज उभा करणारी प्रणाली दाखवली होती. तेव्हा मी ते वाचून पान उलटलं होतं.

पण मला अस्वस्थ केलं ते पुराच्या फोटोने. चारही यंत्रांनी त्याला हिरवी पट्टी दिली, आणि चारही बरोबर होती. फोटो खराच होता. खोटं होतं ते खालचं "कालची". ते तपासायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सातबाऱ्याचंही तसंच. बदललेल्या प्रतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंशही नव्हता, एक आकडा खोडून दुसरा लिहिला होता, म्हणून तिघांनी ती पास केली. चौथ्याने लाल केली ती अस्सल प्रत.

इथे मी आठवडाभर अडकलो. अडकलो म्हणजे साधनांच्या याद्या वाचत बसलो, किमती मांडत बसलो. आणि मग 2018 आठवलं.

1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं आठवडी बाजारात आली होती. भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशा अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पोचल्या होत्या. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. त्या काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यांतला एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, तेवढा भाग कापून टाकलेला. यंत्राने बनवलेलं त्यात काहीच नव्हतं. कात्री आणि खाली लिहिलेलं एक वाक्य. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. विक्रेत्याचं यंत्र त्या दिवशी राईनपाड्यात असतं तर त्याने त्या व्हिडिओला हिरवी पट्टीच दाखवली असती.

मग मी पट्टीचा नाद सोडला आणि एकेक छोटा प्रश्न विचारू लागलो. हे चित्र याआधी कुठे दिसलं आहे का? याला उलट शोध पुरतो, म्हणजे चित्रच देऊन ते आधी कुठे आलंय ते शोधायचं, गूगल लेन्स किंवा टिनआय वापरून. पुराच्या फोटोसाठी मला एक मिनिटही लागलं नाही. 2019 च्या बातम्या समोर आल्या. व्हिडिओ असेल तर इनव्हिड-वीव्हेरिफाय नावाची एक जोडणी ब्राउझरला लावता येते. ती व्हिडिओची ठळक चित्रं सुटी करून देते, मग एकेक चित्र शोधायचं. युरोपातल्या प्रकल्पातून आलेलं आणि पत्रकारांनी वर्षानुवर्षं हाताळलेलं साधन आहे ते. दिसायला रुक्ष, टक्के सांगत नाही, म्हणून विक्रेत्यांच्या यादीत त्याचं नाव नसतं. सातबाऱ्यासाठी तर कुठलीच बुद्धिमत्ता नको. डिजिटल सहीच्या उताऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो, तो महाभूमीच्या संकेतस्थळावर घातला की सरकारदरबारी असलेला उतारा समोर येतो. दोन प्रती शेजारी ठेवायच्या. दोन रेघा.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग हॉलमार्कच की."

त्यांनी सहज म्हटलं, पण मला त्यातून या सगळ्या पसाऱ्याचे दोन भाग पडलेले दिसले. सोनं तपासायच्या दोन तऱ्हा आहेत. एक, घासून बघायची. दुसरी, शिक्का वाचायची. जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून तर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की दागिना कुठे तपासला, किती कसाचा ते कळतं. डिजिटल चित्रांच्या जगात अशीच खटपट चालू आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये ॲडोबी, आर्म, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि ट्रूपिक यांनी मिळून सीटूपीए नावाची आघाडी काढली. फोटो कुठल्या कॅमेऱ्यातून निघाला, नंतर त्यात कुणी काय बदललं, याची सही केलेली नोंद फाइलच्या पोटातच ठेवायची, अशी ती पद्धत. 2023 मध्ये लायकाचा एक कॅमेरा ही सोय घेऊन बाजारात आला. त्याच वर्षी गूगलने सिंथआयडी काढलं. आपल्या यंत्राने काढलेल्या चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण पेरायची आणि नंतर ती ओळखायची. आता जेमिनीत चित्र टाकून विचारलं तर ती खूण आहे का ते सांगतं. पण हा एकाच पेढीचा शिक्का झाला. दुसऱ्या पेढीचा माल त्याला ओळखू येत नाही, आणि खूण सापडली नाही म्हणजे चित्र अस्सल असंही ठरत नाही.

शिक्क्याची जी अडचण गलाईवाल्याला पाठ असते तीच इथे आहे. दागिना मुशीत गेला की शिक्का वितळतो. सोनं तेच, कस तोच, पण तो कुणाचा होता ते सांगणारं काही उरत नाही. व्हॉट्सॲप ही आपल्याकडची मूस आहे. फोटो त्यातून गेला की ती पोटातली नोंद सहसा गळून जाते. स्क्रीनशॉट काढला तरी तेच. आणि उलट बाजूही आहे, माझ्या आजीच्या पाटल्यांवर कुठलाच हॉलमार्क नव्हता. म्हणून काही त्या पितळेच्या ठरत नव्हत्या. शिक्का असला तर उपयोगी पडतो. नसला तर काही सिद्ध होत नाही. हे वाक्य मी टिपणात लिहिलं तेव्हा मॅनेजरनी त्याखाली लाल रेघ मारून "म्हणजे काय करायचं?" असं विचारलं होतं. रास्त प्रश्न.

घासून बघण्यातही आता यंत्र आलंय. सराफाकडे कॅरेटमीटर असतो, क्ष-किरण सोडून मिनिटभरात कस सांगणारा. अण्णांना तो आवडायचा, ते काही जुन्याला कवटाळून बसणारे नव्हेत. पण तो वरचे काही मायक्रॉनच वाचतो. आत दुसरा धातू आणि वर जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचा कस सांगतं, आणि तो अगदी बरोबर सांगतं. एकदा जाडजूड गोठ यंत्रावर पास झाले होते आणि अण्णांनी मालकाला विचारून कानस मारली. आतून पांढरं निघालं. त्यांना संशय का आला? तर गोठ घेऊन आलेला माणूस सोन्याचा भाव विचारत नव्हता, पैसे किती वाजेपर्यंत मिळतील एवढंच विचारत होता.

टक्क्यांचा हिशोब मी मंडळासमोर फळ्यावर मांडला, तोही विक्रेत्याचाच आकडा देवाचा शब्द मानून. समजा हजार कागद आले आणि त्यांत दहा बनावट. नव्व्याण्णव टक्के अचूक यंत्र ते दहा जवळपास सगळे पकडील. पण उरलेल्या 990 खऱ्या कागदांतला दर शंभरी एक, म्हणजे आणखी दहाच्या आसपास, ते उगाच लाल करील. हातात लाल पट्टीचे वीस कागद आणि त्यांतले निम्मे प्रामाणिक सभासदांचे. अचूकता नव्वदवर उतरली तर नऊ बनावट सापडतील आणि नव्व्याण्णव खरे कागद लाल होतील. एक संचालक म्हणाले, "असू दे की, त्यांना परत बोलवू." बोलवू खरं, पण काय सांगून? आमचा सभासद म्हणजे ज्याच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय तो माणूस. त्याला सांगायचं, बाबा, यंत्राला तू खोटा वाटतोस?

हे नुसतं माझं गणित नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी 2023 मध्ये यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखायचं साधन काढलं. त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की ते यंत्राच्या मजकुरापैकी 26 टक्केच ओळखतं आणि माणसाने लिहिलेल्यापैकी 9 टक्के मजकुरावर उगाच बोट ठेवतं. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी ही परकी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले निबंध त्यांच्यापुढे ठेवले, तर निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिले असं उत्तर आलं. शब्दसंपत्ती बेताची आणि वाक्यं सरळ, एवढाच त्या पोरांचा गुन्हा. आमच्याकडे येणारे कर्जाचे अर्ज कुठल्या भाषेत लिहिलेले असतात ते मला माहीत आहे.

तरी यंत्रं कुठेच कामाची नाहीत असं मी म्हणणार नाही. 19 नोव्हेंबर 2024, विधानसभेच्या मतदानाची आदली रात्र. बिटकॉइनच्या पैशांबद्दल बोलणाऱ्या ऑडिओ क्लिपा फिरायला लागल्या, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे आवाज म्हणून. दोघांनीही आरोप नाकारले. आमच्या भावकीच्या ग्रुपवर तासाभरात दोन तट पडले आणि मला, तू कॉम्प्युटरवाला म्हणून, निकाल मागितला गेला. मी गप्प बसलो, कारण माझ्याकडे काहीच नव्हतं. बूम या तथ्यपडताळणी करणाऱ्या संस्थेने ट्रूमीडिया नावाच्या साधनातून क्लिपा तपासल्या आणि त्या एआयने बनवलेल्या असल्याचा निष्कर्ष छापला. अशा घाईच्या वेळी, सरावलेल्या हातात, यंत्राचा उपयोग होतो तो असा. पण ट्रूमीडियाचं पुढे काय झालं? निवडणुकांच्या वर्षासाठी उभी केलेली ती ना-नफा संस्था होती आणि जानेवारी 2025 मध्ये तिने आपली सेवा बंद केली. म्हणून टिपणात मी एक ओळ घातली, की साधन निवडताना ते उद्या असेल का हेही विचारायचं. ती ओळ वाचून चेअरमनसाहेब हसले. "हे तर आपण ठेवीदाराला उलट्या बाजूनं सांगतो," म्हणाले.

सुरक्षेचं प्रकरण निराळं, आणि तिथे मला जास्त घाबरायला झालं. ही साधनं बहुतेक दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालतात. तपासायला दिलेला कागद आपल्या हातातून जातो. सभासदाचं आधार, पॅन, सही, फोटो, हे खोटं आहे का ते बघण्यासाठी परक्याच्या हवाली करायचं? मी विक्रेत्याला विचारलं, फाइली कुठे राहतात, किती दिवस, आणि तुमचं यंत्र त्यांवर शिकतं का. तो म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने ही जबाबदारी आमच्या गळ्यात येते, ऑफिसला विचारून सांगणाऱ्याच्या नव्हे. व्हायरसटोटलसारखं नावाजलेलं आणि उपयोगी साधन घेतलं तरी तिथे चढवलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातल्या इतर कंपन्यांना बघता येते. म्हणून तिथे गोपनीय कागद कधीच टाकायचा नाही. फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या अंगठ्याचा ठसा म्हणा, तेवढाच देऊन विचारता येतं.

त्याच व्हायरसटोटलने आमच्या एका क्लार्कला वाचवलं. लग्नसराईत त्याला मामेभावाच्या नंबरावरून "लग्नपत्रिका" आली, शेवटी एपीके. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते, एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचा आख्खा प्रोग्रॅम. बसला की एसएमएस वाचायची परवानगी मागतो, आणि ओटीपी परस्पर पळवतो. क्लार्कला शंका आली ती फाइलच्या नावावरून नव्हे. "मामेभावाचं लग्न मागच्याच वर्षी झालंय," तो म्हणाला. तिथे साठ-सत्तर इंजिनं एकेक फाइल बघतात. त्यांतली वीसेक लाल होती, बाकीची गप्प. मामेभावाचा फोन दोन दिवस आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता.

आणि जिथे यंत्राला काही वावच नाही अशी गोष्ट उन्हाळ्यात घडली. एक निवृत्त शिक्षिका भर दुपारी पावती मोडायला आल्या. मुदतीला चार महिने होते. कॅशियरबाईंनी कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "घरचं आहे." पर्स छातीशी धरलेली, आणि पर्समधून कुणीतरी बोलल्यासारखा आवाज येत होता. कॅशियरबाईंनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, पर्स हळूच उघडली. आत फोन चालू, त्यावर गणवेशातला माणूस, मागे अशोकस्तंभ. सकाळपासून बाईंना त्याने "डिजिटल अरेस्ट"मध्ये ठेवलं होतं. असला प्रकार कायद्यात नाहीच. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये यावर सांगितलं होतं, आणि बाईंनी ते ऐकलंही होतं. ऐकलेलं त्या घटकेला आठवत नाही. त्याच वर्षी लुधियानाच्या एका मोठ्या उद्योगपतीला सर्वोच्च न्यायालयाच्या खोट्या ऑनलाइन सुनावणीत बसवून 7 कोटी रुपये काढून घेतले होते. शाळामास्तरीण ती काय? आमच्या कॅशियरबाईंनी तो फोन बंद केला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लावला. पैसे गेलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या शिक्षिका कॅशियरबाईंसाठी बेसनाचे लाडू घेऊन आल्या, आणि आमच्याकडे नजर न टाकता निघून गेल्या. ते मला लागलं.

महिना संपला, बैठक झाली. यंत्र आत्ता घेऊ नये, असं मी लिहिलं. घ्यायचंच तर आमच्या नमुन्यांवर दोन महिने चाचणी, आमच्याच संगणकावर, कागद बाहेर न जाता. त्याआधी पैसे खर्चायचे ते सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मेलला दुहेरी कुलूप (पासवर्डाखेरीज आणखी एक पडताळणी) लावण्यावर आणि पासवर्ड व्यवस्थित ठेवण्यावर. फोनवरून आलेल्या कुठल्याही सूचनेवर रक्कम हलवायची नाही, रजिस्टरमधल्या जुन्या नंबरावर उलट फोन करायचा. सातबारा पडताळणी क्रमांकाने, दागिना एचयूआयडीने आणि कसोटीनेही. बँकेचं संकेतस्थळ असेल तर शेवटी बँक डॉट इन आहे का बघायचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं.

"म्हणजे एआय नाहीच?" एक संचालक हिरमुसले. बाहेर फलक लावायची त्यांची हौस होती. मी म्हटलं, आहे की. इंग्रजीत आलेला संशयास्पद मेल त्यातली नावं-नंबर काढून एआय सहाय्यकाला वाचायला द्या, तो काय मागतोय हे छान मराठीत सांगतो. फक्त "हे खरं का?" असं विचारू नका. मी एकच चित्र एकाच सहाय्यकाला दोनदा दाखवलं, दोन उत्तरं आली, आणि दोन्ही सारख्याच ठामपणे. विक्रेत्याला चाचणीची अट कळवली. त्याचा निरोप आला, की चाचणीसाठी नमुने त्यांच्या कंपनीचेच वापरावे लागतील.

त्यानंतर आठच दिवसांनी अण्णांच्या फोनवर अनोळखी नंबरावरून व्हॉइस नोट आली. "काका, संतोष बोलतोय. माझा मोबाईल चोरीला गेला, हा दुसऱ्याचा नंबर आहे. पार्टीला द्यायचे आहेत, चाळीस हजार लगेच टाका, संध्याकाळी परत करतो." संतोष माझा चुलतभाऊ, अण्णांनी जिथे काम केलं तेच कोईमतूरचं दुकान आता चालवतो. आवाज त्याचाच वाटत होता. वाक्य मात्र एकूण एक लफंग्याचं. मी लॅपटॉप उघडला. अण्णा म्हणाले, ठेव तो, आणि त्या नंबरावर उलट फोन लावला.

"कोईमतूरला पहिल्यांदा निघालास तेव्हा काकूनं डब्यात काय दिलं होतं?"

पलीकडे जरा वेळ काही नाही. मग, "दशम्या. आणि लसणाची चटणी."

अण्णांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई आली, हात पिठाचे. "दशम्या कुठल्या? धपाटी होती. मी थापली होती, मला माहीत नाही?"

अण्णांनी "थांब रे" म्हणून फोन ठेवला. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग ते उठले, कपाटातली जुनी डायरी काढली आणि दुकानाशेजारच्या हार्डवेअरवाल्याचा नंबर शोधला. कितीतरी वर्षांपूर्वीचा, लँडलाइनचा. लागला. अण्णा खणखणीत तमिळ बोलायला लागले, मला त्यातलं संतोषचं नाव तेवढं समजलं. पाच-सात मिनिटांनी त्याच लँडलाइनवर संतोष आला, धापा टाकत. "काय हो काका, अजून टाकले नाहीत? पार्टी बसलीय इथं."

अण्णांनी मला पैसे टाकायला सांगितलं. आईने त्यांच्या हातातून रिसीव्हर घ्यावा तसा मोबाईल घेतला, पीठ लागलं त्याला.

"ते पैसे येतील रे. तू आधी सांग, धपाटी का दशम्या?"